खांबाआडची जागा

मावशींची जागा गेली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कितीही शहाणपणा पाजळला तरी तुम्ही फसणार नाही. मी लिफ्ट दुरुस्त करतो. बावीस वर्षं झाली. हात कामाला बरा आहे, तोंड मात्र जन्मापासून सुटलेलं. बायको म्हणते, "लिफ्टला असतो तसा ब्रेक तुमच्या जिभेला बसवून घ्या, खर्च मी करते."

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. फुटबॉलच्या मैदानात, पूर्वेकडच्या स्टँडमध्ये, सतरा वर्षं माझ्या डाव्या हाताला बसणारी ही बाई. अख्खी रांग त्यांना मावशी म्हणायची, अगदी सत्तरीचे निवृत्त पोस्टमनसुद्धा. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि कॉलरला कायम दोन-तीन टाचण्या टोचलेल्या. कामावरून निघताना काढायला विसरायच्या. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात शिवणखोली आहे, तिथे त्या नोकरीला. फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटच्या अंगरख्यांच्या तुटक्या नाड्या, डॉक्टरांच्या कोटांचे खिसे. वरचे सहा मजले दिवसभर फाडणार आणि खाली मावशी शिवणार, असा एकूण कारभार.

आमच्या दोघांच्या जागांसमोर एक खांब होता. छप्पर तोलणारा, लोखंडी, चांगला हत्तीच्या पायाएवढा. माझ्या जागेवरून डावीकडचा गोल दिसायचा नाही, मावशींच्या जागेवरून उजवीकडचा. पहिल्या दिवशी मी त्या खांबाला दिल्या तेवढ्या शिव्या नंतर कुठल्या रेफरीलाही दिल्या नसतील. मावशी शांतपणे म्हणाल्या, "चिडता कशाला? तुम्हाला जे दिसतंय ते तुम्ही मला सांगा, मला दिसतंय ते मी तुम्हाला सांगते." झालं. सतरा वर्षं आम्ही तसाच सामना पाहिला. उजवीकडे चेंडू गेला की मी बोलायचो, डावीकडे गेला की त्या. मी एका कॉर्नरला दहा वाक्यं लावायचो. त्यांचं सगळं शिवणकामातलं. "आला... आला... कडेचा टाका सुटला बघा... उसवलं!" की समजायचं, आपल्यावर गोल झाला. मी फारच ओरडायला लागलो की बाही ओढायच्या. "लिफ्टवाले, हळू. तळमजल्यावर ऐकू जातंय."

त्यांच्या घरी मी एकदाच गेलो होतो, कसलासा फॉर्म द्यायला. भावाचं घर. दोन खोल्या, भाऊ-भावजय, त्यांची तीन मुलं, आणि मधल्या बोळात मावशींची खाट. खाटेखाली ट्रंक. माणसं वाईट नव्हती, आदराने वागवायची, पण घर त्यांचं होतं. विजेचं बिल भावाच्या नावाने, दारावरची पाटी भावाच्या नावाची. ट्रंकेतून सीझन तिकिटाचं कार्ड काढून मावशींनी मला दाखवलं. छापील अक्षरांत त्यांचं पूर्ण नाव, खाली स्टँड, रांग, जागेचा नंबर. "माझ्या नावावर एवढंच आहे हो जगात," म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसलो. तेव्हा काही वाटलं नाही.

तर दोन वर्षांपूर्वी क्लबचे मालक बदलले आणि हंगाम संपल्यावर सगळ्यांच्या घरी एक गुळगुळीत कागदाचं पत्रक आलं. सीझन तिकीट थेट दीडपट. वर मखलाशी अशी, की एकोणीस घरच्या सामन्यांनी भागून पाहा, दर सामन्याला सिनेमाच्या तिकिटापेक्षाही कमी पडतात. खाली तारीख. त्या तारखेपर्यंत भरले नाहीत तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला. माझं टाळकं सरकलं. सिनेमापेक्षा कमी म्हणे! सिनेमात पडद्यापुढे खांब असतो का? सिनेमा नाही आवडला तर पुढच्या आठवड्यात तोच सिनेमा पुन्हा बघायला बांधून ठेवतात का? गेल्या हंगामात आम्ही घरच्या मैदानावर पाच सामने जिंकलो होतो. उरलेल्या चौदांना मनस्तापाचा भत्ता त्यांनीच आम्हाला द्यायला हवा होता.

मी रांगेतल्या सगळ्यांना गोळा केलं. आमच्यातल्या बेकरीवाल्याने दुकानामागची पिठाची खोली दिली. तीस-बत्तीस माणसं पोत्यांवर बसली, आणि मी एका पालथ्या क्रेटवर उभा. काय बोललो सांगू! पैशाचं मोल म्हणजे काय, निष्ठा म्हणजे काय, आपण गिऱ्हाईक नसून घरची माणसं कशी आहोत. स्वतःच्याच आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. शेवटी ठराव केला: एकानेही पैसे भरायचे नाहीत. सगळी रांग रिकामी दिसली की मालक नाक घासत येतील. कागद फिरला, सह्या झाल्या.

मावशी मागे दाराशी बसल्या होत्या. कागद हातात आल्यावर त्यांनी विचारलं, "जागा गेली तर परत मिळते का हो?"

"अहो मावशी, जाते कशाला? मी आहे ना!"

"तसं नव्हे. महाग आहे, मान्य. माझा अर्धा पगार जाईल. पण..." त्या थोड्या अडखळल्या. "आठवडाभर जो येतो तो काहीतरी फाटलेलं घेऊन येतो. ते दोन तास कोणी काही घेऊन येत नाही. त्याचे किती पैसे होतात ते मला कळत नाही."

मी काय केलं असेल? लोकांकडे बघून डोळा मारला आणि म्हणालो, "बघा! मालकांना अशीच भाबडी माणसं हवी असतात." सगळे हसले. मावशीही हसल्या, कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या. मग त्यांनी सही केली. सुबक, एकसारखी अक्षरं, जणू सुईने घातलेली. ते हसणं आठवलं की अजून जेवताना घास फिरतो माझ्या तोंडात.

आता पुढचं. तारीख जवळ येऊ लागली. मालक नाक घासत आले नाहीत. त्यांच्याकडून साधा फोनही नाही. शेवटच्या आठवड्यात मी कामावर दोनदा चुकीची वायर जोडली. डोळ्यासमोर एकच चित्र, की माझ्या जागेवर कोणी भलताच माणूस बसलाय. शनिवार शेवटचा दिवस, खिडकी दुपारी एकला बंद. सकाळी अकराला मी बायकोला म्हणालो, "जरा स्क्रू घेऊन येतो." ती म्हणाली, "स्क्रूसाठी बँकेचं पासबुक कशाला?" मी पासबुक खिशात कोंबलं आणि बाहेर पडलो.

रांगेत पाच माणसं पुढे होती. माझा नंबर सव्वाबाराला आला. खिडकीत एक तरुण मुलगी, नाव विचारून कार्ड छापून द्यायची. मला पैसे पुढे सरकवायचे होते आणि तोंड लपवून पळायचं होतं. पण हात पुढे होईना. पिठाच्या खोलीतला तो क्रेट आठवला आणि लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. हा माझा जुना रोग. मी सुरुवात केली. सिनेमा, खांब, पाच विजय, सगळं पुन्हा. "अर्धा सामना दिसतो, तर अर्धे पैसे घ्या. पूर्ण पैसे घेऊन अर्धा सामना विकता, याला काय म्हणतात?"

"साहेब, भाव मी ठरवत नाही," ती म्हणाली. "तुम्ही भरणार आहात ना?"

"भरणार आहे! पण आधी ऐकून घ्या!"

तिने ऐकून घेतलं. माझ्यामागची माणसं कंटाळून शेजारच्या खिडकीकडे गेली. एक जण जाता जाता म्हणाला, "बरोबर बोलताय काका," मग काय, मी आणखी चढलो. तक्रारवही मागवली. तिच्यात दीड पान लिहिलं. मोठ्या साहेबांना बोलवा म्हणालो, ते जेवायला गेले होते, तर थांबतो म्हणालो. असं करत करत एक वाजत आला आणि मग मी मोठ्या उपकाराच्या आविर्भावात पैसे भरले. बाहेर पडताना छाती फुगलेली होती. गेटवरच्या रखवालदारालाही थांबवून सगळं ऐकवलं. भरले खरे, पण भांडून भरले, अशी मनाची समजूत घातली आणि घरी गेलो. स्क्रू विसरलो. बायकोने विचारलं नाही.

हंगामाचा पहिला सामना. मी मुद्दाम उशिरा गेलो, टोपी कपाळावर ओढून. रांगेत शिरलो आणि बघतो तर काय, सगळे हजर! पोस्टमन, बेकरीवाला, दातांचे डॉक्टर, सगळे. मला पाहून प्रत्येकाने बुटांकडे पाहायला सुरुवात केली. बेकरीवाला पुटपुटला, "मेहुण्याने परस्पर भरले हो." डॉक्टर म्हणाले, "भेट मिळालं." पोस्टमन म्हातारा माणूस, तो सरळ म्हणाला, "मी दुसऱ्याच दिवशी भरले होते." अशी एकसाथ लाजलेली बत्तीस माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. मग कोणीतरी फसकन हसलं, आणि हसणं रांगभर पसरलं, आणि मलाही इतकं हलकं वाटलं की मी मावशींना टाळी द्यायला डावीकडे वळलो.

तिथे एक गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाईल, आणि मोबाईलवर दुसराच कुठलातरी सामना चालू.

"ही जागा..." मी म्हणालो.

"यादीतून लागली," ते म्हणाले. "नऊ वर्षं थांबलो होतो."

हसणं जागच्या जागी थांबलं. पोस्टमनांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे शब्दाला जागली ती एकटी मावशी," ते म्हणाले. "आपण सगळे नुसते नाकाने कांदे सोलणारे." डावीकडे काहीतरी झालं, मैदान उसळलं, आमच्यावर गोल झाला म्हणे. मला काही दिसलं नाही, आणि विचारायचीही इच्छा झाली नाही.

इस्पितळाच्या लिफ्टची तपासणी दर महिन्याला माझ्याकडे असते. त्या महिन्यात मी सोबत्याशी पाळी बदलून घेतली. पुढच्या महिन्यातही. कारण विचारलं तर पाठदुखी सांगितली. रोज ठरवायचो, आज जाऊन मावशींच्या पायावर डोकं ठेवू, आणि रोज काहीतरी दुसरं काम निघायचं. बायकोला शेवटी सगळं सांगितलं. मला वाटलं ती बोलेल, बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला होता हो," आणि भांडी घासायला गेली.

तिसऱ्या महिन्यात सोबती आजारी पडला आणि सुटका राहिली नाही. लिफ्टचं काम उरकून मी तळघरात उतरलो. शिवणखोलीचं दार उघडंच होतं. छताला लागून एक आडवी खिडकी, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. चादरींचे ढीग, प्रत्येकाला वॉर्डाची चिठ्ठी. मावशी मशीनवर वाकून एका अंगरख्याला नाडी लावत होत्या. मला पाहून पाय पॅडलवरून काढला.

"अगंबाई, लिफ्टवाले! पाठ कशी आहे?"

म्हणजे पाठीची बातमीही पोचली होती. मी दारातच उभा. येताना जुळवलेलं सगळं भाषण कुठे गेलं कोण जाणे.

"मावशी, मी तिकीट काढलं," मी म्हणालो. "सही करून, तुम्हाला करायला लावून, मी शेपूट घातलं. सगळ्यांनीच घातलं. रांगेत सगळे तुमचं नाव काढतात. एकट्या मावशी खऱ्या म्हणतात."

मावशींचा चेहरा पडला. "असं म्हणतात?" त्यांनी टाचणी कॉलरला टोचली, पुन्हा काढली. "नका हो म्हणू देऊ. मला फुकटचं मोठेपण नको. मीसुद्धा भरायलाच आले होते."

"कधी?"

"शेवटच्या दिवशीच. भावाला न सांगता पैसे काढले होते. जीव राहिना. सही केलीय, शब्द दिलाय, सगळं आठवत होतं. तरी आले. आत पाऊल टाकलं तर खिडकीशी तुम्ही." त्या हसल्या. "म्हटलं, आता हे मला बघतील, मी यांना बघीन, आणि दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं होईल. तुमचं आटपलं की जावं. म्हणून बाहेर सायकल स्टँडपाशी उभी राहिले."

मी तिथल्याच एका गाठोड्यावर बसलो.

"तुमचं काही संपेचना," मावशी म्हणाल्या. "मग एकदाचे बाहेर आलात, तर गेटवर थांबलात. तुम्ही वळणापलीकडे गेलात आणि मी धावतच आत शिरले. एक वाजून चार मिनिटं झाली होती. त्या मुलीने मशीन बंद केलं होतं. बिचारीला वाईट वाटलं. पण ती तरी काय करणार!"

"हाक मारायची होती ना!" मी ओरडलो. हो, ओरडलो. त्यांच्यावर. तेवढी अक्कल अजूनही आली नव्हती. "पाऊण तास काय उभ्या राहिलात? एक हाक मारायची! मी तिथेच होतो ना!"

मावशींनी बाही ओढली नाही. शांतपणे म्हणाल्या, "कशी मारू? तुम्ही खांबाचं बोलत होतात. अर्धा सामना विकता म्हणालात. बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. एकेक शब्द खरा होता. मध्ये कशी येऊ?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मी तर आधीच तळघरात होतो. खिशातून कार्ड काढलं आणि मशीनवर ठेवलं. "हे घ्या. तुम्ही जा. मला नको."

त्यांनी कार्ड उचलून चष्म्याजवळ नेलं, वाचलं, आणि परत माझ्या हातात दिलं. "यावर तुमचं नाव आहे. मला माझ्या नावाचं हवं." मग अंगरखा घडी करून बाजूला ठेवला आणि पुढची चादर ओढली. "एवढं तोंड पाडू नका. रांगेत सांगा मात्र, की मावशीही भरायला आली होती."

मी मान डोलावली. आजतागायत सांगितलेलं नाही. ते सांगायचं तर पाऊण तास का गेला तेही सांगावं लागेल. त्यांचा फुकटचा मोठेपणा मी तसाच चालू ठेवलाय, कारण तो मला सोयीचा आहे.

निघताना त्यांनी मला थांबवलं. "लिफ्टवाले, एक विचारू? तुम्हाला यातलं कळतं. त्याच दिवशी मी यादीत नाव घालून आले. सातशे बारावा नंबर लागलाय." सुईत दोरा ओवायला त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. "फार नाही ना?"

त्या स्टँडमध्ये वर्षाला फार तर साठ-सत्तर जागा सुटतात. मावशी तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. हा हिशेब करायला मला क्षणभरही लागला नाही.

"नाही," मी म्हणालो. "फार नाही."